ओळखीची वाटणारी चाल

संगीतकाराला ती चाल सुचली तेव्हा त्याचा अर्धा जबडा बधिर होता. बायको दातांची डॉक्टर. तिने त्याच्या खालच्या दाढेला भूल दिली, कीड कोरून काढली, वर सिमेंट भरले आणि "भूल उतरेपर्यंत काही चावू नकोस, स्वतःची जीभसुद्धा नाही," असे बजावून पुढच्या रुग्णाला आत घेतले. तो बाहेरच्या बाकावर गाल चाचपत बसला. समोर दातांच्या निगेचे एक फिकट पडलेले चित्र, कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचे पिंप, आतून यंत्राची बारीक किरकिर. त्या किरकिरीच्या खालून, कुणी दार न वाजवता आत यावे तशी, चाल आली: चार ओळींची, शब्द नसलेली, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत अख्खी. तिसऱ्या ओळीत ती वर चढत जाई, आता माथ्यावरचा सूर लागणार अशी ऐकणाऱ्याची खात्री होई, आणि नेमकी त्याच्या एक पायरी अलीकडे ती थबके. क्षणभर उभी राही आणि मुकाट्याने उतरून येई.

नाटकाच्या शेवटच्या प्रवेशासाठी दिग्दर्शकाला हेच हवे होते. आई घर सोडून निघते, दारापर्यंत जाते, कडीला हात लावते आणि थांबते. तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. जे बोलायचे ते चालीने. महिनाभर संगीतकार त्या दारापाशी अडून बसला होता. आता ते उघडले, आणि त्याला झाली ती पहिली जाणीव आनंदाची नव्हती. इतकी आयती आली, म्हणजे कुणाची तरी असणार, अशी भीती त्याला वाटली.

ही भीती त्याला जन्मजात नव्हती. ती त्याला शिकवण्यात आली होती. फार वर्षांपूर्वी त्याची एक चाल गावभर झाली असताना एका समीक्षकाने एका त्रैमासिकात ती चाल आणि कुण्या विस्मृत रचनाकाराचे जुने गाणे, दोन्हींची स्वरलिपी शेजारी शेजारी छापली होती. लेखात चोरी हा शब्द एकदाही नव्हता. विद्वानांना तो लागत नाही. 'साम्य विलक्षण आहे' एवढे लिहून ते उरलेले काम वाचकाकडून करून घेतात. संगीतकाराला ते गाणे ऐकल्याचे आठवत नव्हते. पण हा बचाव असा, की तो करणाऱ्यालाच पुरतो. ऐकले नाही म्हणावे तर खोटारडा, ऐकले म्हणावे तर चोर, आणि ऐकले असेल पण आठवत नाही म्हणावे तर त्या अवस्थेला परिसंवादांमध्ये 'प्रभाव' म्हणतात. तेव्हापासून ओळखीचे लोक त्याला रस्त्यात गाठून, डोळे मिचकावून विचारत, "काय, हल्ली काय ऐकताय?"

म्हणून त्याने चाळणी लावून घेतली होती. नवी चाल सुचली की ती दोन-चार कानांवर घालायची. कुणी हटकले नाही तरच कागदावर उतरवायची. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा माणूस पाणीही उकळून, गाळून, वर दुसऱ्याला आधी पाजून पीत होता.

बायको हातमोजे काढत बाहेर आली, तशी त्याने चाल गुणगुणली.

"कुठे ऐकलीयस का गं?"

"पुन्हा म्हण. अर्ध्या तोंडानं म्हणतोयस, अर्धीच कळली."

त्याने पुन्हा म्हटली. ती क्षणभर हातमोजे हातात धरून उभी राहिली.

"ओळखीची वाटते खरी."

"कुठली? नीट आठव."

"अरे, चाल म्हणजे काय दात आहे, टिचकी मारली की कळावं कुठला किडलाय? वाटली ओळखीची. छान आहे. चल घरी."

पण 'छान आहे' हे शब्द त्याच्या बधिर बाजूने गेले.

बायकोच्या धाकट्या भावाला सगळे कोश म्हणत. एका आकाशवाणी केंद्राच्या ध्वनिमुद्रिकांची राखण करण्यात त्याची हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतर त्याने घराच्या दोन खोल्यांचे तसेच केंद्र करून टाकले होते: छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर तबकड्या, आणि मधून माणसाला अंग चोरून आडवे सरकता येईल एवढी वाट. कोणत्या गाण्याचे कोणते कडवे कुठल्या गाण्यातून आले, हे तो झोपेतूनही सांगे. त्याने स्वतः जन्मात एक ओळ रचली नव्हती, आणि या वांझपणालाच तो निष्ठा समजत असे.

"भाऊजी, पुन्हा," तो डोळे मिटून म्हणाला. "अजून एकदा. पहिली ओळ नावाड्यांच्या गाण्यांच्या घराण्यातली. दुसरी जरा अंगाईकडे झुकते. तिसरी..." त्याने डोळे उघडले. "तिसरी मला माहीत आहे. कुठून, ते सांगतो. उद्यापर्यंत."

उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा. कोश फोन उचलेना. संगीतकार शेवटी घरीच गेला, तेव्हा कोश जमिनीवर तबकड्यांच्या ढिगात बसला होता आणि त्याची दाढी वाढली होती.

"सापडत नाही," कोश म्हणाला.

"म्हणजे नाहीच ना?" संगीतकाराने विचारले.

कोशाने त्याच्याकडे दुखावल्या नजरेने पाहिले. "भाऊजी, माझ्याकडे सापडत नाही याचा अर्थ ती हरवली आहे. ती नाहीच, असा अर्थ होत नाही."

ज्याला सगळे माहीत आहे त्याला एखादी गोष्ट नवी असू शकते हे मान्य करणे जड जाते. त्यापेक्षा जगात एक तबकडी गहाळ झाली असे मानणे सोपे. संगीतकाराला हे दिसायला हवे होते. त्याला एवढेच दिसले, की कुठेतरी एक तबकडी आहे आणि ती एक ना एक दिवस समीक्षकाच्या हाती लागणार आहे.

तो नाट्यगृहामागच्या रंगशाळेत गेला. नाटकांचे पडदे रंगवणारी चित्रकार बाई तिथे मोजे घालून आपल्याच आभाळावर चालत होती. पडदा जमिनीवर पसरला होता आणि तिच्या हातात झाडूएवढ्या दांड्याचा ब्रश होता. दोघांनी उमेदवारी एकाच नाट्यसंस्थेत केलेली, त्यामुळे अरेतुरेची मैत्री.

"कडेकडेनं ये. ढग ओले आहेत."

"तुझ्यावर प्रभाव कुणाचा आहे गं?"

"या पडद्यावर? भिंतीचा हा हिरवा माझ्या मामीच्या गॅलरीतल्या शेवाळाचा. ती खिडकी एका जुन्या चित्रातनं उचलली; चित्रकार मेलाय, त्याला आता खिडकी काय करायचीय? आणि तो ओलीचा डाग मात्र अस्सल माझा. बादली सांडली होती."

"तुला भीती नाही वाटत? कुणी दाखवून दिलं तर?"

"मला कुणी बघतच नाही रे बाबा. माझ्यापुढे नट उभे असतात."

त्याने चाल म्हणून दाखवली. तिने ब्रश उभा धरून, हनुवटी दांड्यावर टेकवून ऐकली, आणि म्हणाली, "ओळखीची वाटते."

तो रंगाच्या डब्यावर मटकन बसला.

"अरे, वाईट अर्थानं नाही म्हणाले. चांगली गोष्ट पहिल्यांदा भेटली तरी आपण कुठेतरी भेटलोय असंच वाटतं. नवरा पाहिला तेव्हा मला असंच वाटलं होतं."

"मग?"

"मग काय. नव्हतो भेटलो. पण कळेपर्यंत लग्न झालं होतं." ती पुन्हा ढगांकडे वळली. "लिहून टाक आणि मोकळा हो. आणि उठ, तू निळ्यावर बसलायस."

मागून निळा होऊन तो बाहेर पडला. तिचे म्हणणे खरे असेल असे त्याला वाटले, पण तेवढ्याने भागेना. आता एका माणसाच्या 'नाही'ने समाधान होणार नव्हते. त्याला सर्वांचे 'नाही' हवे होते, आणि ते गोळा करण्यासाठी तो चाल घेऊन फिरू लागला.

तालमीच्या चहाच्या सुट्टीत वादक मंडळी पेले घेऊन पियानोभोवती जमत. विषय नेहमीचाच, कोण कुणाचे ऐकून वाजवायला लागला.

"माझा गुरू म्हणजे आमच्या शेजारची भिंत," क्लॅरिनेटवाला म्हणाला. "पलीकडचे गृहस्थ रात्रंदिवस चुकीचं वाजवायचे. मी म्हटलं, एवढं तर मलाही जमेल."

"आणि अजून तेवढंच जमतं," कुणीतरी म्हणाले.

पियानोवाला, चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, कुणाचे वाईट न चिंतणारा गृहस्थ, झाकणावर पेला ठेवीत म्हणाला, "आपल्यावर प्रभाव एकच. दादांचा." संगीतकाराला तो दादा म्हणे.

"आणि दादांवर कुणाचा?"

विचारणाऱ्याने सहज विचारले, आणि विचारल्यावर त्याच्या लक्षात आले. सगळ्यांनी आपापल्या पेल्यात पाहिले. संगीतकाराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग तो नको इतक्या मोठ्याने म्हणाला, "तेच विचारायचंय. ही चाल ऐका. कुणाची आहे सांगा." आणि त्याने चाल गायली, पियानोवाल्याने हलकेच खालून सूर धरले, क्लॅरिनेटवाल्याने दुसऱ्यांदा ती वाजवूनच पाहिली.

"कुठेतरी ऐकलीय दादा," पियानोवाला प्रामाणिकपणे म्हणाला. "पण मला सकाळचा गजरसुद्धा कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो."

त्यानंतर त्याने ती नटांना ऐकवली, कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींना ऐकवली, प्रकाशयोजनाकाराला शिडीवरून खाली बोलावून ऐकवली. विहिरीचे पाणी स्वच्छ आहे का हे पाहण्यासाठी माणसाने त्यात रोज हात घालून ढवळावे आणि गढूळ दिसले की घाबरून आणखी ढवळावे, तसे ते चालले होते. मावशी इस्त्री करताना ती म्हणत. नट तोंडाला रंग लावताना म्हणत. नाट्यगृहाचे जिने, गच्ची, शौचालये तिने भरून गेली. ती कुठून आली हे कुणाला ठाऊक नव्हते, कारण एव्हाना ती सगळीकडून येत होती. संगीतकार ज्याला विचारी, तो सांगे: हो, ऐकलीय की.

अखेरचा घाव तिकीट खिडकीवर बसला. खिडकीतल्या बाई गिऱ्हाईक नसताना स्वेटर विणत गुणगुणत होत्या. तो काचेशी जाऊन उभा राहिला.

"ही कुठली चाल, बाई?"

"ही? जुनी आहे हो." त्या टाके मोजता मोजता थांबल्या. "आमची आई म्हणायची बहुतेक."

त्या कशा गुणगुणल्या हे त्याने ऐकलेच नाही. त्या गुणगुणल्या, एवढेच त्याने ऐकले. आयुष्यभर कानांवर जगलेल्या माणसाचे कान भीतीने बंद पडले होते.

दुसऱ्या दिवशी तालमीत, दिग्दर्शकापासून मावशींपर्यंत सर्वांच्या समोर, त्याने सांगून टाकले. "शेवटच्या प्रवेशाची ती चाल मी मागे घेतोय. ती माझी नाही. कुणाची ते मला माहीत नाही, पण माझी नाही. लक्षात ठेवा, मी स्वतः सांगितलंय." शेवटचे वाक्य तो न दिसणाऱ्या न्यायालयाला उद्देशून बोलत होता. त्याला वाटत होते, आपण आरोपाच्या आधीच निर्दोष सुटत आहोत.

त्याने दुसरी चाल केली. ती बेतशीर होती, कुठे खटकत नव्हती, कुठे अडतही नव्हती. दिग्दर्शकाने ती ऐकली आणि विचारले, "ही नक्की कुणाची नाही ना?"

"नाही."

"ते कळतंय," दिग्दर्शक म्हणाला.

नाटक पडले नाही आणि चाललेही नाही. आई दारापर्यंत जाई, थांबे, आणि प्रेक्षक पिशव्या आवरू लागत. काही दिवसांनी पियानोवाला घरी आला, चपला काढून दारातच घुटमळला. "दादा, एक विचारू? ती बेवारशी चाल मी वाजवली तर चालेल का?"

"मला काय विचारतोस? माझी आहे का?" संगीतकार म्हणाला. त्या वेळी त्याला हलके वाटले होते. ओझे दुसऱ्याने उचलल्यावर वाटते तसे.

पियानोवाल्याने ती ध्वनिमुद्रित केली आणि रचनाकाराच्या जागी, शंभर टक्के सचोटीने, 'पारंपरिक' असे लिहिले. ती चाल दुकानांतून, दवाखान्यांतून, फोन जोडला जाईपर्यंतच्या रिकाम्या जागेतून वाजू लागली. संगीतकार ती सुरू झाली की उठून जाई. बायकोने दवाखान्यात लावली तेव्हा त्याने बटण बंद केले. "एवढी चांगली चाल, तुलाच का चावते?" ती म्हणाली. ती चाल कधीही पकडली जाईल आणि मग सुरुवात कुठून झाली हे शोधत लोक आपल्यापर्यंत येतील, या धास्तीने तो वर्षभर जगला. ती शेवटपर्यंत त्याने एकदाही ऐकली नाही.

वर्षाने ग्रंथालयाच्या सभागृहात 'कलावंत आणि प्रेरणा' या विषयावर जाहीर गप्पा ठरल्या. व्यासपीठावर पियानोवाला, चित्रकार बाई आणि संगीतकार. बोलते करणारा तोच समीक्षक, आता पांढऱ्या केसांचा आणि सर्व समित्यांवर असलेला. संगीतकाराला नकार देता आला असता. पण नकाराचाही अर्थ लावला जातो, असा त्याचा अनुभव होता. पहिल्या रांगेत बायको आणि कोश बसले होते.

समीक्षक प्रेरणेवर बराच वेळ बोलला. निर्मिती ही व्यक्तीची नसतेच, व्यक्ती केवळ निमित्त असते, असे तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या पुस्तकांवर मात्र त्याचेच नाव असे. मग तो पियानोवाल्याकडे वळला. "आपण शोधून काढलेली ही पारंपरिक चाल घ्या. तिची तिसरी ओळ कुणा एकट्याला सुचणं शक्यच नाही. तो माथा गाठायला पिढ्या लागतात. वाजवता का?"

पियानोवाला वाजवू लागला. या वेळी उठून जायला जागा नव्हती. संगीतकार खुर्चीचे हात धरून बसला आणि वर्षानंतर प्रथम ती चाल ऐकू लागला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसरी चढू लागली, थांबायच्या जागी आली, आणि थांबली नाही. ती सरळ माथ्यावर गेली, तिथे ऐटीत उभी राहिली, आणि सभागृहाने समाधानाचा सुस्कारा सोडला.

दारात बोट चेमटावे तशी त्याच्या अंगातून कळ गेली.

आजवर त्याने हजारो चुकीचे सूर ऐकले होते. परक्याच्या चालीत चूक झाली की राग येतो, हसू येते, कीव येते. दुखत नाही. ही दुखली. नाटकातल्या, दारापर्यंत गेलेल्या त्या आईला कुणीतरी ढकलून बाहेर काढले होते, आणि ती थांबली का होती हे सबंध जगात एकट्या त्याला माहीत होते. ज्या उत्तरासाठी त्याने गाव पालथे घातले, ते एका सुराच्या अंतरावर पडले होते.

"तिथे वर जायचं नाही," तो म्हणाला.

पियानोवाल्याने हात थांबवले. "दादा?"

"एक सूर आधी थांबायचं. आणि उतरायचं. मी तसंच म्हटलं होतं."

"असेल दादा. पण सगळे असंच म्हणतात ना. पारंपरिक आहे, पाठभेद असणारच."

"पारंपरिक नाही. माझी आहे ती."

सभागृहात एक छोटे, प्रेमळ हसू पसरले. वयस्क कलावंतांविषयी लोक उदार असतात.

"त्याचीच आहे," चित्रकार बाई म्हणाली. "माझ्या ढगांच्या कडेला उभा राहून त्यानं म्हटली, तालमीत कुणी ऐकायच्या आधी. माझ्यासमोर."

"बाई, ऐकवणं आणि रचणं यात फरक असतो," समीक्षक मृदूपणे म्हणाला, आणि संगीतकाराकडे झुकला. त्याच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. "आपणच तालमीत सर्वांसमोर सांगितलं होतं ना, की ही चाल माझी नाही?"

"हो."

"मग आता ती आपली आहे हे कशावरून कळलं?"

"तो सूर चुकला तेव्हा मला दुखलं."

समीक्षकाने मान डोलावली. "सुंदर. पण हा पुरावा नाही. हा रसास्वाद झाला." आणि त्याने पहिल्या रांगेकडे हात केला. "सुदैवानं आपल्यात या विषयातला अंतिम शब्द बसलेला आहे. मूळ पाठ कोणता मानावा?"

कोश उठला. त्याने बहिणीकडे पाहिले नाही. संगीतकाराला दिसले, की कोशाचे ओठ हलताहेत, तो दोन्ही पाठ मनात म्हणून पाहतो आहे, आणि क्षणभर, एकच क्षण, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडते आहे. मग ते मावळले. एक तबकडी हरवली आहे, या श्रद्धेवर त्याने वर्ष काढले होते; ती कधी नव्हतीच असे म्हणायचे तर त्या दोन खोल्यांमध्ये पुन्हा आडवे सरकत शिरायचे कोणत्या तोंडाने?

"वर जाणारा पाठ जुना," कोश म्हणाला. "भाऊजींचा उत्तरकालीन. कुणीतरी विसरल्यामुळे झालेला."

"कोशा," बायको खालच्या आवाजात म्हणाली, "घरी ये तू."

पण टाळ्यांमध्ये ते कुणी ऐकले नाही. समीक्षक उभा राहिला होता. वादाचा शेवट गोड करावा, असे सुचवत त्याने प्रेक्षकांना सर्वांनी मिळून ती चाल म्हणण्याची विनंती केली. जिचा कुणी धनी नाही तिचे आपण सगळेच धनी, असे काहीसे तो म्हणाला. माणसे लाजत, हसत, घसा साफ करत तयार झाली. पियानोवाल्याने संगीतकाराकडे अपराधी नजरेने पाहिले. आपण नेमके काय केले हे त्याला कळत नव्हते, आणि ते त्याला समजावून सांगणारे कुणी नव्हते.

सभागृहाने पहिली ओळ उचलली. सगळ्यांनी फार खालून सुरुवात केली. या पट्टीत दुसऱ्या ओळीत बायकांचा आवाज बसणार होता आणि पुरुष पुटपुटत राहणार होते. संगीतकाराने हे पहिल्या दोन सुरांत ओळखले. त्याने ओठ घट्ट मिटले. ओळ संपत आली, आवाज तळाशी घसरू लागले, आणि त्याचा हात आपोआप वर गेला. सगळे थांबले. त्याने त्यांना वरच्या पट्टीतला सुरुवातीचा सूर दिला, स्वच्छ, त्यांच्या गळ्याला सोसेल असा, आणि बोटाने खूण केली, की घ्या, इथून.